पैवस्तीची तारीख

पेशवेकाळातलं पत्र वाचायला घेतलं की त्यावर पुष्कळदा दोन तारखा सापडतात. एक लिहिणाऱ्याने शेवटी घातलेली. दुसरी, पत्र मुक्कामी पोहोचल्यावर तिथल्या कारकुनाने कोपऱ्यात किंवा पाठीवर टिपलेली: 'पै॥ छ' आणि पुढे चंद्र, म्हणजे चांद्र महिन्यातली तारीख, आणि महिना. पै॥ म्हणजे पैवस्ती, पत्र येऊन दाखल झाल्याची नोंद. उत्तरेतून निघालेल्या पत्राला पुण्याला पोहोचायला आठवडे लागत, म्हणून या दोन तारखांमध्ये बरंच अंतर पडतं. मोडी नुकतीच शिकलेला विद्यार्थी हमखास पैवस्तीलाच लेखनाची तारीख समजतो, कारण ती सुटी असते आणि वाचायला सोपी असते. मग त्याच्या टिपणात लढाई आधी होते आणि लढाईला निघण्याचा हुकूम नंतर सुटतो.

इतिहास विभागाच्या वार्षिक अहवालातलं यशाचं पान वाचताना मला ही पैवस्ती आठवते. अमुक विद्यार्थ्याला पीएच.डी. प्रदान, इतके जण सेट-नेट उत्तीर्ण, प्राध्यापकांचे इतके शोधनिबंध, माजी विद्यार्थिनीची पुराभिलेखागारात निवड. या सगळ्या पोहोचल्याच्या तारखा आहेत. निघाल्याची तारीख त्या पानावर नसते. आणि मला या पानाबद्दल जे काही सांगायचं आहे ते त्या न छापलेल्या तारखेबद्दलच आहे: ती ओळ कुठून निघाली, वाटेत काय काय झालं, आणि ती खरोखर पोहोचली आहे का.

पीएच.डी.चीच ओळ घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ वर्षं आणि कमाल ६ वर्षं. फेरनोंदणी करून आणखी २ मिळू शकतात. सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क. मराठेशाहीवर काम करणाऱ्या मुलाच्या हिशोबात या वर्षांपैकी पहिलं जवळजवळ पूर्ण वर्ष एका लिपीला द्यावं लागतं. मुळाक्षरं आठवड्याभरात येतात. कागद वाचता येणं ही वेगळी गोष्ट.

मोडीत आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढतात आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं त्या रेघेला टांगत जातात. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही. इकार एकच आणि उकार एकच, म्हणजे 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक डोळ्यांनी कळत नाही, संदर्भाने कळतो. शब्द तोडणं हे वाचणाऱ्याचं काम. 'गावचाकर' ही पाच अक्षरं सलग आली, तर तो गावचा कर आहे की गाव-चाकर आहे, हे पुढच्या दोन ओळी वाचल्याशिवाय ठरत नाही. आणि ठरवलं नाही, तर प्रबंधाच्या एका तक्त्यात माणसाची जागा रक्कम घेते. 'ध चा मा' ही म्हण आपण ज्या खुनाशी जोडतो, तो नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. त्या कथेत ऐतिहासिक तथ्य किती हा निराळा वाद, पण एका अक्षराने माणूस जातो ही धास्ती मोडी वाचणाऱ्या समाजाला खरी वाटत होती, म्हणून ती म्हण टिकली.

त्यात संक्षेप. मौजेचा मौ॥, परगण्याचा प॥, सुहूर सनाचा सु॥, गुजारतचा, म्हणजे मार्फतचा, गु॥. आणि याच दोन उभ्या रेघा आकड्यापुढे आल्या की त्यांचा अर्थ अर्धा. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण: ४॥। म्हणजे पावणेपाच. ज्या विद्यार्थ्याला रेघ संक्षेपाची की अपूर्णांकाची हे ओळखता येत नाही, त्याची जमाबंदीची बेरीज कधीच कागदावरच्या बेरजेशी जुळत नाही. इथे एक चांगली सोय आहे, ती मी प्रत्येक नव्या माणसाला आवर्जून सांगेन. हिशोबी कागद स्वतःच आपली परीक्षा घेतो. कारकुनाने शेवटी बेरीज मांडलेली असते. आपलं वाचन त्या बेरजेला पोहोचलं नाही, तर आधी आपलं वाचन चुकलं असं धरायचं, मग कारकुनाची चूक शोधायची. मापं माहीत हवीत: धान्याची खंडी २० मणांची, जमिनीचा चावर १२० बिघ्यांचा, बिघा २० पांडांचा, पांड २० काठ्यांचा. ही कोष्टकं भिंतीवर लावून ठेवलेली बरी. प्रदेशाप्रमाणे मापं बदलतात, म्हणून ज्या परगण्याचा कागद त्याच परगण्याच्या दुसऱ्या कागदांत माप तपासून पाहायचं.

दप्तरखान्यातली शिस्त हा या कामाचा दुसरा भाग, आणि प्रबंध बिघडतात ते बहुतेक इथे. विभागाचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र घेऊन गेलं, यादी पाहून मागणी दिली, की रुमाल समोर येतो. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात बांधलेलं गाठोडं; आत पुडकी, पुडक्यांत सुटे कागद. टेबलावर फक्त पेन्सिल. जुनी देशी शाई काजळाची आणि डिंकाची, ती कागद खात नाही, पण ओलं बोट लागलं तर ती पुसली जाते. इंग्रजी अमदानीतल्या काही कागदांवरची लोहयुक्त शाई उलट वागते: पुसत नाही, पण कागदाला आतून जाळते, आणि घडीवर तो कागद अक्षराच्या आकारातच फाटतो. म्हणून घडी उलगडताना दोन्ही हात खाली धरायचे. जुन्या कागदावर अजून चमचमणारे कण दिसतात, ते शाई टिपायला टाकलेल्या रेतीचे. ते झटकायचे नाहीत.

छायाचित्र घ्यायला परवानगी असेल तर फ्लॅश बंद, कॅमेरा कागदाला अगदी समांतर, बाजूला मोजपट्टी, आणि प्रत्येक पुडक्याच्या सुरुवातीला दप्तर, रुमाल आणि पुडक्याचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीचं एक चित्र. ही चिठ्ठी राहिली की सहा महिन्यांनी संगणकावर दोन हजार चित्रं असतात आणि त्यांतलं एकही कुठलं ते सांगता येत नाही. आणि कागदाची पाठ. नवे लोक पाठीचं चित्र घेत नाहीत, कारण ती कोरी दिसते. पैवस्ती तिथेच असते. रुजवातीची, म्हणजे पडताळणीची, खूण तिथेच असते. शिवकाळातल्या पत्रांत 'सुरू सूद', 'बार सूद' असे दफ्तरी शेरे येतात, तेही पुष्कळदा मुख्य मजकुराच्या बाहेर. मुखपृष्ठावरून पत्र काय म्हणतं ते कळतं. ते खरोखर सुटलं का, कुणाच्या हातून गेलं, कधी पोहोचलं, हे पाठ सांगते.

मग लिप्यंतर. ओळीखाली ओळ, मूळ ओळींच्या क्रमांकांसह. लेखनातली 'चूक' सुधारायची नाही. कारकुनाने 'माहाराज' लिहिलं असेल तर आपणही 'माहाराज'च लिहायचं. अंदाजाने वाचलेलं अक्षर कंसात, न वाचता आलेल्या अक्षरांच्या जागी तितके ठिपके. पहिल्या महिन्यात दिवसाला पाच-सात ओळी खात्रीने वाचून झाल्या तरी मी त्याला चांगला वेग म्हणेन. ज्याला सगळंच वाचता येतं, ज्याच्या लिप्यंतरात एकही ठिपका नाही, त्याचं काम पुन्हा तपासावं.

आता तारीख. मराठी कागदपत्रांच्या अभ्यासात सगळ्यात जास्त वेळ, सगळ्यात जास्त वाद आणि सगळ्यात शुद्ध आनंद इथेच आहे.

मराठी दप्तरात सुहूर सन चालतो. मृग नक्षत्राला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, तो बदलतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. वर्षाचा आकडा अरबी शब्दांत, एककापासून सुरू करून लिहितात. 'इहिदे सितैन मया व अलफ': इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७६०-६१, पानिपताचं साल. इथवर सोपं आहे. 'सीत' म्हणजे ६ आणि 'सितैन' म्हणजे ६०, 'सबा' ७ आणि 'सबैन' ७०, यात घाई केली तर मात्र पन्नास-साठ वर्षांची उडी पडते.

खरी गुंतागुंत पुढे आहे. वर्ष सौर, पण महिना आणि चंद्र हिजरी, म्हणजे चांद्र. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं. याचा सरळ परिणाम असा, की एका सुहूर वर्षात दहा-अकरा हिजरी तारखा दोनदा येतात, एकदा वर्षाच्या आरंभी आणि एकदा शेवटी. ११६१ चंच घ्या. या वर्षात सवाल महिन्याचा शेवटचा आठवडा दोनदा येतो: जून १७६० मध्ये, आणि पुन्हा मे १७६१ सरता सरता. मधोमध १४ जानेवारी १७६१ चं पानिपत. म्हणजे 'छ २५ सवाल, सन ११६१' एवढंच लिहिलेलं पत्र हाती आलं, तर ते भाऊसाहेबांचं सैन्य उत्तरेत असतानाचं की ते सैन्य संपल्यावर चार महिन्यांनी लिहिलेलं, हे तारीख सांगत नाही. मजकूर सांगतो. कुणाच्या नावाआधी काय मायना आहे, कोणाची खुशाली विचारली आहे, हुंडी कुणावर काढली आहे. ज्याची खुशाली जूनमध्ये विचारली जाते त्याच्या बायकोच्या नावापुढचा शब्द पुढच्या मे महिन्यात बदललेला असू शकतो. अशा एका पत्राची जागा नक्की करायला एखाद्या विद्यार्थ्याने तीन आठवडे घेतले, तर ते तीन आठवडे अहवालात कुठेच येत नाहीत. माझ्या मते त्या वर्षीचं विभागाचं मोठं काम तेच असतं.

शक, फसली, राज्याभिषेक शक यांची गणितं निराळी. शकात ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या तुकड्यात ७९. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध १३ ला बदलतो आणि त्याचं पहिलं वर्ष १६७४ मध्ये सुरू होतं. म्हणून एखाद्या कागदावर राज्याभिषेक शक आहे आणि मजकूर १६७४ च्या आधीचा म्हणवतोय, तर तो कागद तिथेच बाजूला ठेवावा. अशा खोट्या कागदांची मोठी कारणं दोन. एक, वतनाचे तंटे. वतनासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या भांडत आणि जुना कागद हाच पुरावा. दुसरं, १८५२ च्या कायद्यानंतरचं इनाम कमिशन, ज्याने इनामदारांकडे सनदा मागितल्या. ज्यांच्याकडे होत्या त्यांनी दाखवल्या, ज्यांच्या हरवल्या होत्या त्यांतल्या काहींनी नव्या तयार केल्या. खोटा कागद बनवणाऱ्याला मोहोर जमते, भाषाही जमते. वार जमत नाही. तिथी आणि वार यांचा मेळ पंचांगावरून घालून पाहिला की बनाव बहुधा तिथे उघडा पडतो.

परदेशी कागद जोडीला घेतले की आणखी एक अडचण येते. पोर्तुगालने नवं, ग्रेगरीचं पंचांग १५८२ मध्येच घेतलं. इंग्रजांनी ते १७५२ पर्यंत घेतलं नाही. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत आणि सुरतेच्या इंग्रज वखारीच्या कागदांत १० दिवसांच्या फरकाने येते. शिवाय इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तो १६६४ चा जानेवारी वखारीच्या पत्रात १६६३ चा असतो. गोव्याचं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं, भारतातल्या सर्वांत जुन्यांपैकी. मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारे विद्यार्थी मात्र फार थोडे. कुठल्याही विभागाने असा एक विद्यार्थी घडवला, तर त्याची बातमी पहिल्या पानावर यावी असं मला मनापासून वाटतं.

तारखेच्या कामाची पैवस्ती किती उशिरा होते याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या घरात आहे. शिवाजी महाराजांचा जन्म बखरींच्या आधाराने वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे १६२७ सालचा धरला जात होता. मावळातल्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे घटनांची सालवार टिपणं, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली छापली गेली. तिच्यातली नोंद अशी: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, नक्षत्र हस्त. म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा फरक.

ही नोंद कशी तपासतात ते पाहण्यासारखं आहे, कारण विभागात दुसऱ्या सत्राला शिकवावी अशी ती पद्धत आहे. आधी संवत्सर. शकात १२ मिळवून ६० ने भागायचं. उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, बाकी ३, तिसरा संवत्सर शुक्ल. जुळलं. मग नक्षत्र. फाल्गुनाची पौर्णिमा फल्गुनीच्या आसपास येते, तिथून दोन-तीन दिवसांनी चंद्र हस्तात असणं साहजिक. जुळलं. मग वार. इंग्रजांच्या जुन्या पंचांगाने ती तारीख १९ फेब्रुवारी १६३०, नव्याने १ मार्च १६३०. नवं पंचांग दर ४०० वर्षांनी वारांसकट पुन्हा येतं, म्हणून १ मार्च २०३० चा वार पाहिला तरी चालतो: शुक्रवार. तेही जुळलं. पाच तपशील, आणि पाचही एकमेकांना धरून आहेत. बनावट नोंदीत एवढा मेळ सहसा बसत नाही.

तरीही एका साधनावर तारीख ठरत नाही. पुढे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातून परमानंदाच्या शिवभारताची प्रत प्रकाशात आली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीयाच. राजस्थानातल्या ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, तीही याच बाजूची. मावळातलं देशमुखांचं घर, कावेरीकाठचं तंजावर आणि मारवाड: तिघांना एकमेकांची नक्कल करण्याचं कारण नव्हतं. वाद पुढे कित्येक दशकं चालला. समित्या झाल्या. शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत धरली ती नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. १९१६ ला निघालेलं पत्र पोहोचायला ऐंशीहून अधिक वर्षं लागली. त्या दरम्यान ज्यांनी पंचांगं मांडली, कुंडली तपासली, पोथ्या ताडून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांना पोच पाहायला मिळाली नाही.

हे काम करणारे सगळे विद्यापीठातले होते असंही नाही, आणि इतिहास विभागांनी ते मोकळेपणाने मान्य करावं. वि. का. राजवाड्यांनी साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. ते बडोद्याच्या गायकवाडांच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. इंडियन हिस्टरी काँग्रेसचं पहिलं अधिवेशनही १९३५ साली पुण्यात मंडळाच्याच पुढाकाराने भरलं. आज एखादी विद्यार्थिनी त्या काँग्रेसमध्ये निबंध वाचते आणि तिचं नाव अहवालात येतं, तेव्हा त्या नावामागे हा सगळा वाडा उभा असतो.

सरदेसायांच्या ४५ खंडांनी एक गोष्ट नकळत घडवली. निवड मुख्यतः राजकारणाची होती. छापलेलं सहज मिळतं म्हणून पुढच्या पिढ्यांनी तेच वाचलं, आणि रोजकीर्दी, जमाबंद्या, झाडे, ताळेबंद असे हिशोबाचे कागद रुमालांतच राहिले. आजच्या विभागांत जिथे जिथे नवं काही निघतं आहे ते बहुतेक या न छापलेल्या हिशोबी कागदांतून निघतं आहे. म्हणून विषय निवडताना मी एकच आग्रह धरेन. 'पेशवेकालीन समाजजीवन' असा आभाळाएवढा विषय घेऊ नये. एक परगणा, दहा-पंधरा वर्षं, आणि नोंदणीच्या आधी त्या परगण्याचे वीस कागद प्रत्यक्ष वाचून पाहावेत. वीस कागदांत जर प्रश्न सापडला नाही, तर दोन हजारांत सापडेल अशी आशा ठेवू नये, परगणा बदलावा.

प्राध्यापकांच्या यशाकडे वळायचं तर शोधनिबंधांची संख्या सगळ्यात मोठ्या अक्षरांत असते. तिथे वाचकाने थोडं थांबावं. निबंध कुठे छापावा यासाठी आयोगाची 'केअर' यादी होती. ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाल्याचं जाहीर झालं, आणि नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आली. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी नियतकालिकं आहेत. आयएसएसएन क्रमांक हा फक्त नोंदणीचा क्रमांक, तो दर्जाचा दाखला नाही. पारख करायची साधी रीत अशी, की निबंधाच्या तळटिपांत दप्तर, रुमाल आणि कागदाचा क्रमांक आहे का ते पाहावं. आहे, तर दुसरा माणूस तो कागद मागवून निबंधाला चूक ठरवू शकतो. ज्या निबंधाला चूक ठरवण्याची वाटच लेखकाने ठेवलेली नाही, त्यावर मी विसंबणार नाही.

साधन-संपादनाला मात्र या मोजणीत फार कमी जागा मिळते. शंभर कागदांचं वाचन, पाठभेद, तारखा, टिपा, व्यक्ती-स्थळ सूची यांत तीन वर्षं जातात आणि शेवटी ते 'एक पुस्तक' होतं. त्याच तीन वर्षांत आठ निबंध होऊ शकतात. तरीही जे प्राध्यापक संपादन निवडतात, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. आणखी एक काम कधीच मोजलं जात नाही: मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या लिप्यंतरातले वीस कागद न सांगता निवडून मूळ चित्रांशी अक्षर-अक्षर ताडून पाहणं. एक पूर्ण दिवस जातो. ज्या विभागात हे होतं तिथले प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, कुणीही उघडावेत आणि निर्धास्त वाचावेत.

सेट-नेटबद्दल थोडक्यात. नेटला दोन पेपर मिळून १५० प्रश्न आणि ३ तास, सगळे प्रश्न बहुपर्यायी. नोकरीच्या दारासाठी ही परीक्षा लागते आणि ती पास होणाऱ्यांचं कौतुक व्हायलाच हवं. तिच्या तयारीची आणि कागद वाचण्याची ओढाताण एकाच वर्षात होते, हे मात्र लक्षात ठेवून विभागाने वेळापत्रक आखावं.

माजी विद्यार्थ्यांची यादी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण तिथे हे ज्ञान विभागाबाहेर कामाला लागलेलं दिसतं. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज राज्यभर एकाएकी जाणवली. ज्या लिपीचे वर्ग दहा-बारा मुलांवर चालत, तिचे वाचक तहसील कचेऱ्यांत बसले. तिथे वाचनाची जबाबदारी प्रबंधापेक्षा मोठी होती. प्रबंधातल्या ठिपक्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. इथे एका नोंदीवर एका घराचा दाखला अवलंबून होता. न वाचता आलेलं अक्षर न वाचता आलेलं म्हणूनच लिहायचं, ही विभागात लागलेली सवय अशा टेबलावर फार मोलाची ठरते.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, साल्हेरपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. आता त्या किल्ल्यांवर जे फलक लागतील, त्यांवरची प्रत्येक तारीख कुणीतरी तपासायला हवी, आणि ती जुन्या पंचांगाची की नव्या, हे ठरवायला हवं. तंजावरचे मोडी कागद वाचायला मोडीबरोबर तमिळ महसुली शब्दही लागतात. मराठी घरांत वाढलेले तंजावरकडचे विद्यार्थी या कामाला किती योग्य आहेत! संगणकाने मोडी वाचण्याचे प्रयोगही सुरू आहेत. लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाल्यामुळे ते शक्य झालं. यंत्राला शिकवायला आधी माणसाने अचूक वाचलेले हजारो कागद लागतात. ते वाचन ज्यांनी वर्गात, दप्तरखान्यात बसून केलं, त्यांची नावं त्या यंत्राच्या बातमीत बहुधा नसतात.

म्हणून पुढच्या अहवालासाठी एक प्रत्यक्ष सूचना आहे. पीएच.डी.च्या नावापुढे विषयाबरोबर आणखी दोन ओळी छापाव्यात: कोणत्या दप्तराचे कोणते रुमाल वाचले, आणि किती कागदांचं लिप्यंतर विभागात जमा केलं. खर्च काहीच नाही. पुढचा विद्यार्थी तेच रुमाल पुन्हा पहिल्यापासून उलगडणार नाही, आणि उलगडले तरी आधीच्या वाचनातली चूक काढू शकेल. तिसरी ओळ जमली तर न वाचता आलेल्या कागदांची. कुणाला तरी त्यातला एखादा वाचता येईल.

तोवर दप्तरखान्यातला दिवस संपताना करायचं काम तेच आहे. कागद ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत पुडक्यात. पुडक्यावरची चिठ्ठी वर. रुमालाची समोरासमोरची टोकं आधी, मग उरलेली दोन, गाठ सैल, म्हणजे घडीवर ताण येत नाही. आणि वहीत पेन्सिलीने आजची तारीख, रुमालाचा क्रमांक, शेवटचा वाचलेला कागद, ओळ चौदावी.